फ्लॉरेन्सला मी काय खाणार?

मंडळी, आज दुपारी माझी एक मोठी काळजी मिटली, म्हणून लगेच लिहितो आहे.

मुलाने आम्हा दोघांना इटलीत फ्लॉरेन्सला न्यायचं ठरवलं. बायको इथल्या तोआ पायोह वस्तीतल्या आमच्या इमारतभर सांगत सुटली आणि माझी झोप उडाली. शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय? जुन्या इमारतींत लिफ्ट नसते म्हणतात, मग गुडघ्यांचं काय? शेवटी रविवारी मुलाला सांगून टाकलं, "माझं तिकीट रद्द कर. तुम्ही जा."

आज शेजारच्या टॅन आंटी डबा घेऊन आल्या. त्या नुकत्याच फ्लॉरेन्स बघून आल्यात.

"अंकल, ट्राय लाह! नो मीट!"

डब्यात टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव होता. तिथल्या खाणावळीत हा मिळतो म्हणे. एक घास घेतला आणि मला हसूच आलं. अहो, हा तर आपला कुस्करा! शिळ्या पोळीचा मी जन्मभर खाल्लाय.

मग आंटींनी बाकीचंही सांगितलं. मोठ्या चर्चच्या घुमटावर चढू नका, चारशेच्या वर पायऱ्या आहेत. नदीपलीकडच्या टेकडीवर बसने जा, तिथून घुमटासकट सगळं शहर दिसतं. आणि खोली घेण्याआधी लिफ्टचं विचारा.

त्या गेल्यावर मी भीतभीत बायकोला विचारलं, "तिकीट परत मिळेल का गं?"

"रद्द करू दिलंय कोणी?" ती म्हणाली. "तुमचे दोन स्वेटर कधीच बॅगेत भरलेत."

तिकडे थंडीत जाऊन आलेल्यांनी जरा सांगा हो, दोन पुरतील ना?