आण्णाचा आवाज आणि सर्जेरावची म्हैस

समोर म्हशीची धार काढून ताजं दूध देतात, त्या दुधाच्या कट्ट्यावर किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. म्हैस पान्हवेपर्यंत थांबायचं असतं, तेवढ्यात कोण ना कोण काहीतरी बोलून जातंच. आमच्याकडचे निम्मे किस्से आण्णाचे. आण्णा मूळचा हातकणंगल्याचा, कोल्हापुरात त्याचं भांड्यांचं दुकान. शेजारीच माझं घड्याळाचं. आवाज असा की आण्णा हळू बोलला तरी पलीकडच्या गल्लीतनं ‘ओ’ यायची.

कट्ट्यावरचा दूधवाला सर्जेराव आपल्या म्हशीला, चंद्रीला, पेंड दाखवायचा, पाठ थोपटायचा. चंद्री ढिम्म. आण्णा स्कूटर लावता लावता ओरडायचा, “चंद्रे, सोड की!” आणि चंद्री पान्हा सोडायची. “पेंड मी घालतोय आणि ऐकती ह्याचं,” सर्जेराव करवादायचा.

*

गेल्या वर्षी तांब्याचा बंब उचलताना आण्णाची कंबर धरली. डॉक्टरांनी दुखण्यावरच्या जोराच्या गोळ्या दिल्या, थोडेच दिवस घ्या म्हणाले. कंबर सुटली, गोळ्या सुटल्या नाहीत. आम्हाला कुठलं कळायला! आण्णा शांत झाला म्हणून आम्ही खूश. फुटबॉलवरनं शिव्या नाहीत, रविवारी मटणाला बोलावलं तरी नुसता पेंगत बसायचा.

“वयानं शहाणा झालाय,” मी म्हटलं.

“तुझं काय जातंय? माझी म्हैस आटाय लागलीया,” सर्जेराव म्हणाला.

*

त्याच्या गोळ्या कायम वेळेआधी संपायच्या. एकदा म्हणे पाकीट पँटीबरोबर धुतलं गेलं. एकदा पन्हाळ्यावर माकडानं पळवलं.

सर्जेराव गंभीरपणे म्हणाला, “मग ते माकड कुठं झोपलंय बघाय पायजे.”

*

मग आण्णा लग्नाला म्हणून मलकापूरला गेला. भर पितृपंधरवड्यात! परत आला तो तिथल्या कुठल्याशा डॉक्टरच्या गोळ्या घेऊन. पुढच्या आठवड्यात नेसरीला बारसं निघालं.

“ह्या वयात पावणं लई वाढल्यात तुझं,” मी म्हटलं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

*

एका संध्याकाळी आण्णा मला बाजूला घेऊन म्हणाला, “तुझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या गोळ्या उरल्यात काय रं? दाढ ठणकतीया.”

सर्जेरावचे कान तिखट. “आण्णा, तुझी कवळी रात्री पेल्यात असती. पेला दुखतोय व्हय?”

आम्ही पोट धरून हसलो. आण्णा हसला नाही. माझ्या अंगावर खेकसला आणि गेला. थोड्या वेळानं मी निघालो, तर सिग्नल हिरवा झालाय, मागं हॉर्नचा गोंधळ आणि आण्णा हँडलवर डुलकी घेतोय. मी स्कूटरची किल्ली काढून घेतली. खरं सांगतो, हा माणूस आपल्या हातातनं जाणार असं वाटलं मला.

*

वहिनी, म्हणजे आण्णाची बायको, आणि मी त्याला व्यसनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. तिथं आण्णा म्हणतो, “व्यसन दारूचं असतंय. डॉक्टरनं दिलेल्या गोळीचं कसलं व्यसन?”

“दिली डॉक्टरनं, वाढवली तुम्ही,” डॉक्टर म्हणाले. “आता एकदम तोडायची नाही. मी सांगेन तशी कमी करायची.”

गोळ्या वहिनींच्या ताब्यात. त्यांनी पाकीट कणकेच्या डब्यामागं ठेवलं. आण्णानं कपाट पालथं घातलं, दुकानातले हंडे उलटे केले.

“भावोजी, ह्यांनी जन्मात कणकेला हात लावलेला न्हाय,” वहिनी म्हणाल्या.

ते महिने वाईट गेले. आण्णाला घाम सुटायचा, झोप लागायची नाही. एकदा कट्ट्यावर रडला. त्या दिवशी कुणी त्याची चेष्टा केली नाही.

*

परवाची गोष्ट. गोळ्या पूर्ण बंद झाल्यावर वहिनी आण्णाला पहिल्यांदाच कट्ट्यावर घेऊन आल्या. आण्णा वाळलेला, गप्प. सर्जेराव चरवी घेऊन ताटकळलेला, चंद्री नेहमीसारखी अडलेली. आण्णा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि चंद्रीनं वजन बदलताना सगळा भार त्याच्या पायावर दिला.

“आई गं! चंद्रे, पाय काढ की, भवाने!”

समोरच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. मी धावलो.

वहिनी म्हणाल्या, “अहो, दुखतंय काय?”

“दुखतंय की! मग काय गुदगुल्या हुत्यात?”

वहिनी हसायलाच लागल्या. हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या.

सर्जेरावनं आण्णाच्या पायाकडं बघितलंसुद्धा नाही. तो केव्हाच खाली बसला होता.

“गप बसू नगंस, आण्णा,” म्हशीखालनं आवाज आला. “सोडलाय पान्हा.”