रिकाम्या तोंडानं

दिवाणजीनं हात वर केला आणि तंबाखूचं पान वरून सोडलं. खाली भागरता पदर पसरून उभी. पान पदरात नाई पडलं, चिखलात पडलं.

दिवाणजी म्हणाला, "धरता येत नाई का वं? उचल."

तिनं उचललं. लुगड्याच्या काठाले पुसलं आणि माझ्याजवळ धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन बसली.

भागरता माझी बायको. मालगुजाराच्या बांधीत धानाचा रोवणा चालू होता. बाया रोवत होत्या. आम्ही गडीमाणसं पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खोदून पेंढ्या टाकत होतो. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्यानं कधीचीच गेली होती, पण गावात मालगुजार मालगुजारच होता. त्याचा दिवाणजी आमच्या हाताले हात लागू देत नव्हता. म्हणून पान वरून सोडायचा.

भागरतानं पानाचे दोन तुकडे केले. चंचीतला चुना काढला, तंबाखू तळहातावर मळली. आधी मले दिली, मग आपली गालात धरली. तिच्या त्याच गालात जखम होती. तोंड धड उघडत नव्हतं. भात ती पेज करून पीत होती.

मी म्हणलं, "जळते नं? मग काऊन खाते?"

ती म्हणाली, "चूप बसा. दिवाणजी पाहून राह्यला. थुकलं तं उठवन."

मग आम्ही पाठीले पाठ लावून बसलो. तिची पाठ ओली होती, माझी बी ओली. तिनं डोळे मिटले असन. मले दिसत नव्हतं, पण तिचं डोकं माझ्या खांद्यावर मागं टेकलं. जगात कुठी काही दुखत नाई असं ते बसणं होतं. आमचं दोघांचं रोजच्यासारखं ते शेवटचं. त्याच्यानंतर सगळं दवाखान्याचं.

थुकलं तं उठवन, हे ती काऊन म्हणाली ते सांगतो. त्या शेतात दुपारची भाकर सोडली तं बसायची एकच वाट होती. तंबाखू. दिवाणजी हाक द्यायचा, "तंबाखू घ्या." जो घेईन तो मळेपर्यंत, गालात धरेपर्यंत धुऱ्यावर बसन. जो खात नाई त्यानं वाकूनच राहाचं. त्याले तलफ नाई, मग त्याले बसायचं काय काम? पोटुशी बाई असो, तापातला माणूस असो. खात नाई तं बसत नाई. कोणाच्या बापाच्या काळापासून चालू होतं कोण जाणे. कोणी विचारलं नाई. आम्हाले ते पाण्यापावसासारखं वाटायचं.

भागरता लग्न होऊन आली तवा तिले तंबाखूच्या वासानं ओकारी येत होती. पहिल्याच रोवण्यात शिकली. जिभेनं नाई शिकली, कंबरेनं शिकली.

नागपूरले नेलं. मोठ्या दवाखान्यात डाक्टरनं तिच्या तोंडात बॅटरी धरली. बाजूले शिकणारे पोरं-पोरी उभे. तो त्याहिले म्हणाला, "पाहा, हे असं होतं." मग माझ्याकडं वळला. "तुम्ही लोक तोंडाची गटारं करून घेता आणि मग आमच्या दारात येता. इतकी वर्षं झोपला होता का?"

एका पोरीनं नाकाले रुमाल लावला. भागरताले ऐकू येत होतं. तिच्या तोंडाले रोग झाला होता, कानाले नाई. तिनं पदर तोंडावर घेतला आणि मले हातानं खुणावलं. घरी चला.

तुम्ही लोक. हे दोन शब्द घेऊन मी एसटीत बसलो. ती खिडकीपाशी बसली. बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडं जाणारे बांबूचे ट्रक एकामागून एक जात होते, ती तेच पाहत राह्यली. दिवाळीच्या आधी गेली. शेवटी पाणी कापसानं टाकत होतो.

पुण्यानुमोदनाले, तिच्या मागच्या विधीले, गाव आलं, सोयरे आले. आमच्याकडं रीत हाये. दुःखाच्या घरी आलेल्यापुढं तंबाखू-सुपारीचं ताट ठेवाचं. माझ्या भावजयीनं ताट आणलं. वर भागरताचीच चंची ठेवली होती, चोळीच्या जुन्या कापडाची, तिनंच शिवलेली. मी ताट उचललं आणि परसात नेऊन उकिरड्यावर उपडं केलं. चंची तेवढी ठेवली.

एक म्हातारा म्हणाला, "बायकोसंगं याची अक्कल बी गेली."

म्हणलं, "गेली तं गेली."

असं ते सुरू झालं. मले कोणी शिकवलं नाई. मी म्हणलं, एकट्यानं सुटत नाई, तं मिळून सोडू. सांजच्याले विहारात बसाचं. बाहेर जिथी चपला काढतो तिथी एक खुंटी ठोकली. ज्यानं त्यानं आपली चंची तिथी टांगाची आणि आत याचं. भागरताची चंची मी पहिली टांगली. आत गोल करून बसाचं, आज खाल्ली का नाई ते सगळ्यांसमोर सांगाचं. तलफ आली तं शेजारच्याच्या दारात जाऊन बसाचं, ती जाईपर्यंत उठाचं नाई. तोंडाले चाळा म्हणून भाजलेले चिंचोके.

कौतिकाबाई म्हणाली, "भाऊ, दातच नाईत. चिंचोके काय हिरड्यानं फोडू?"

"चोख मग."

"चोखून काय निंगते? लाकूड हाये ते."

कौतिकाबाई भागरताची जोडीदारीण. जन्मभर एका रांगेत दोघी रोवत होत्या. इस्तारी माझा चुलतभाऊ, तोंडानं लय तेज. त्यानं पहिल्याच दिवशी काढलं, "पाचव्या शीलात दारू हाये. तंबाखू कुठी हाये, दाखव."

म्हणलं, "भागरताच्या गालात होती."

त्यानं चंची खुंटीले टांगली. चार-दोन दिवसच.

टोल्यावरचा, गावाबाहेरच्या वस्तीतला, मडावी गोंड होता, पण तो बी येऊन बसायचा. त्याची अडचण येगळीच. त्याच्या पेनले, म्हणजे देवाले, तंबाखू द्यावी लागते. तो म्हणाला, "मी सोडली, पण देवानं नाई सोडली. त्याच्यासाठी मळतो नं, तं हाताले वास राहते. मग रातभर हात हुंगतो." लोक हसले. मडावी नाई हसला.

तुम्हाले वाटन लय चांगलं काम. चांगलं कायचं. लोकांचा नुसता वैताग. लघवीले जातो म्हणून उठत आणि खुंटीवरच्या चंचीत हात घालत. आत येत तं गाल फुगलेला. विचारलं तं म्हणत, दाढ सुजली. अर्ध्या गावाच्या दाढा सुजल्या. बाया दात घासाच्या निमतानं नस, तंबाखूची पूड, घासत आणि वरून म्हणत, हे कुठी खाणं झालं? कोणाचं लग्न आलं का चार जण गळाले. तेंदूपत्त्याच्या दिवसात रानातून येत तं कोणी तोंडच दाखवत नव्हतं. मी दारोदार जाऊन बोलवून आणायचो. पोरं टोलीनं म्हणत, "तंबाखूबुढा आला." तरी थोडे टिकले. कौतिकाबाई टिकली. पावसाळ्याच्या तोंडी तिनं मले गाल आतून दाखवला. पांढरा चट्टा होता, तो कमी झाला होता. ते पाहून मी घरी गेलो आणि पहिल्यांदा नीट जेवलो.

मग रोवणा लागला. आठवडा झाला नसन आणि सगळे पुन्हा खाऊ लागले. सगळे. कौतिकाबाई बी.

विहारात मी त्याहिले उभं केलं आणि तोंडाले येईन ते बोललो. "तुम्ही लोक सुधराचे नाईत. तुमच्या दारात मी काऊन फिरतो? मरा असेच तोंड सडून."

इस्तारी उठून चालला गेला. कौतिकाबाई उठली नाई. तिनं मले नीट पाह्यलं आणि म्हणाली, "भाऊ, तू त्या नागपूरच्या डाक्टरसारखा बोलून राह्यला. तुले सांगाले पाहिजे का आम्ही काऊन खाल्ली? नाई खाल्ली तं बसाले भेटत नाई. दिवसभर वाकून माझी कंबर मोडून राह्यली. भागरता गेल्यापासून तू त्या बांधीत आला नाई. येऊन पाह्य. नाई तं आम्हाले शिकवू नको."

ते मले माहीत नव्हतं का? जन्म तिथीच गेला. पण माहीत असणं येगळं आणि ध्यानात येणं येगळं. मी लोकांच्या तोंडाशी भांडत होतो. भांडण तोंडाशी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी गेलो. पऱ्हे खोदले, पेंढ्या टाकल्या. दिवाणजीची हाक आली, "तंबाखू घ्या." बाया बांधीतून निंगून त्याच्यापुढं पदर पसरून उभ्या राह्यल्या. मी गेलो नाई. सरळ धुऱ्यावर जाऊन बसलो. जिथी आम्ही दोघं बसलो होतो तिथीच.

मालगुजार त्या दिवशी शेतात होता. छत्री घेऊन धुऱ्या-धुऱ्यानं आला.

"कोण हाये हा? भागरतेचा बुढा नं?"

"हो मालक."

"तोंड दाखव."

मले आधी समजलं नाई. त्यानं छत्रीचं टोक माझ्या हनुवटीखाली लावलं आणि वर उचललं. जनावराचे दात पाह्यतात तसं. "उघड."

मी उघडलं. सगळ्या बाया पाहत होत्या. कौतिकाबाई पाहत होती.

"रिकामं हाये. मग बसला काऊन? हे धर्मशाळा होय का?" मग दिवाणजीकडं पाहून म्हणाला, "बायको मेली आणि हा साधू झाला. माझ्या मजुराहिले बी साधू करून राह्यला म्हणतात."

दिवाणजी हसला. मालगुजारानं त्याच्या हातातून एक पान घेतलं आणि वरून सोडलं. माझ्या पायावर पडलं. "खा. खाऊन मग बस."

मी पान उचललं नाई. पण उठलो. हे लिहाले मले जड जाते, तरी लिहितो. माझे पाय आपोआप उठले. चिखलात उतरलो आणि वाकलो. साठीच्या वर माणूस, आणि अंगाले सवय अशी पडली का मालकाचा आवाज आला तं पाय मले विचारत नाईत. तिकडं कौतिकाबाईनं माझ्याकडं पाहत पाहत तंबाखू गालात धरली. तिच्या पांढऱ्या चट्ट्यावर. आणि खाली बसली.

सांजच्याले विहारात मोजकेच आले. इस्तारी आला, तो भांडणाच्या तयारीनंच आला होता. मी सगळ्यांले म्हणलं, "मी आजवर उलटं सांगितलं. तंबाखू सोडा म्हणलं. आधी बसणं घेऊ. बसणं आपलं हाये, त्याच्या पानाचं नाई. उद्यापासून हाक आली का सगळ्याहिनं बसाचं. पदर पसराचा नाई, तोंडात काही घालाचं नाई. नुसतं बसाचं."

इस्तारी म्हणाला, "मालक काढून टाकन."

"टाकू दे. पऱ्हे पिवळे पडून राह्यले. आज रोवले नाई तं त्याचा धान जाते. त्याले आपली गरज हाये."

"तुझं काय जाते? तू एकटा जीव. आमच्या घरी खाणारे तोंडं हाये."

"म्हणूनच पहिला मी बसतो," मी म्हणलं. "तुम्ही पाहा. मग ठरवा."

मडावी चिंचोका चोखत होता. त्यानं विचारलं, "आणि आज उठला तसा उद्या बी उठला तं?"

त्याचं उत्तर विहारात देण्यासारखं नव्हतं.

सकाळी निंगताना विहारापाशी थांबलो. खुंटीवरून भागरताची चंची काढली. उलटी करून झटकली, कोपऱ्यातला जुना भुसा उडाला. ती कमरेले खोवली आणि शेतात गेलो. हात चिखलात होते आणि कान दिवाणजीकडं. हाक आली.

"तंबाखू घ्या."

मी हातातली पेंढी खाली ठेवली. हात धुतले. धुऱ्यावर गेलो आणि कालच्याच जागी बसलो. कौतिकाबाई बांधीतून निंगाली, दिवाणजीच्या बाजूनं पुढं गेली आणि माझ्या मागं येऊन बसली. मडावी आला, बाजूले बसला. इस्तारीनं माझ्याकडं पाठ केली आणि हात पसरला. दोन बाया बांधीतच उभ्या राह्यल्या, त्या ना इकडं आल्या ना तिकडं गेल्या.

मालगुजाराची छत्री धुऱ्यावरून येताना दिसली. माझे पाय हालले. मी दोन्ही हातानं गुडघे दाबून धरले.

तो समोर येऊन उभा राह्यला. त्यानं छत्री उचलाच्या आधी मीच तोंड उघडलं, दाढा दिसतीन इतकं मोठं. मग मिटलं.

"पाह्यलं नं मालक? रिकामं हाये. आणि मी बसलो हाये."

तो म्हणाला, "ऊठ."

मी उठलो नाई.