सोवळ्यातलं बोट

कानडी मुलखातल्या राजाजीनगरात मराठी घरांमध्ये रामनवमीचा दहीभात म्हणजे विमलाअक्कांचा, हे ठरूनच गेलेलं होतं. बावीस वर्षं देवळातल्या नैवेद्याचा भात त्याच कालवत आल्या होत्या, तेही हातानं. पळीनं कालवलेल्या भाताला गोडी येत नाही, असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबू नये म्हणून अक्का दूध सढळ घालत आणि दही नावाला.

चौऱ्याण्णव साली नवमीच्या चार दिवस आधी त्यांच्या उजव्या तर्जनीला नखुरडं झालं. बोट पिकलं, ठसठसायला लागलं. सुनेनं पट्टी बांधून दिली. पण नवमीला पहाटे न्हाऊन सोवळं नेसल्यावर अक्कांना ती पट्टी खुपली. दुकानातलं कापड, कोणाकोणाचा हात लागलेलं. ते बांधून देवाचं रांधायचं कसं? त्यांनी पट्टी सोडली, बोट धुतलं, हळद दाबली आणि मोठं पातेलंभर कोमट भात मनोभावे कालवला. नैवेद्याआधी चाखायचा प्रश्नच नव्हता, आणि चाखला असता तरी कळलं नसतं. भाताला ना वास होता, ना चव बिघडली होती.

पालखी, आरती, भाषणं होऊन पानं मांडायला एक वाजला. तीनच्या सुमारास पहिली उलटी झाली, संध्याकाळपर्यंत तीस माणसं आडवी. दोघा म्हाताऱ्यांना इस्पितळात सलाईन लावावं लागलं. दुसऱ्या दिवशी सगळे उठून बसले, आणि मग चौकशी सुरू झाली.

"दही कळकलं, दुसरं काय," देवळाचे कारभारी विश्वासराव म्हणाले. "ती भांडीवाली अंबूबाई चिंच लावून पातेलं असं घासते की कल्हईच उडवते. उद्यापासून येऊ नको म्हणावं. सरी, बरोबर ना, अक्का?"

अक्कांनी होकाराची मान हलवली.

बोट मात्र उतरेना. तिसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या सुप्रीता डॉक्टरांकडं गेल्या. देवळातले बरेच आजारी त्यांनीच तपासले होते. चीर देऊन पू काढता काढता त्यांनी विचारलं, "या बोटानं काय काय केलंत, अक्का?"

अक्कांनी सांगितलं. डॉक्टरांनी पुवाचा कापूस त्यांच्यासमोर धरला.

"याच्यातले जंतू कोमट दूधभातात शिरले. पाच-सहा तास मिळाले त्यांना, तेवढ्यात त्यांनी भातात विष करून ठेवलं. लोकांच्या पोटात तयार विषच गेलं, म्हणून दोन तासांत उलट्या."

"गरम करून वाढला असता तर?"

"जंतू मेले असते. विष नाही. ते उकळूनही जात नाही."

"हळद लावली होती."

"पट्टी ठेवायची होती. आणि पळी वापरायची."

घरी येऊन अक्का देवापुढं बसल्या, पण वर बघवेना. ज्याच्यासाठी पट्टी सोडली, त्यालाच आधी ते पान दाखवलं होतं.

शनिवारी भजन संपल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि बोटाचं सगळं सांगितलं. विश्वासरावांनी पुढं बोलूच दिलं नाही.

"असू द्या हो, अक्का. तुमचं सोवळं आम्हाला ठाऊक नाही का? झालं गेलं."

बायकांनीही माना डोलावल्या. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. अंबूबाईचं नाव कोणी काढलं नाही, आणि अक्कांनाही तिथं ते काढवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या अंबूबाईच्या दारात गेल्या. ती शेंगा सोलत होती. उठली नाही.

"कळलं मला," ती म्हणाली. "बोट बरं आहे का?"

"आहे. चूक माझी होती, अंबू. तू कामाला ये."

"बोटाचं तुम्हाला मागाहून कळलं, ते खरं. पण मी कल्हई उडवते का, हे तर त्याच दिवशी ठाऊक होतं ना? कल्हईवाला पंधरा दिवसांमागं येऊन गेला. तुम्हीच तिथं उभ्या होतात."

अक्का उंबऱ्याशी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "विश्वासरावांनी विचारलं तेव्हा मी मान हलवली. ते काल भजनात मी सांगितलं नाही."

अंबूबाईनं शेंगांवरून नजर काढली नाही.

"मला दिसली ती मान, अक्का. मी पातेलं घेऊन देवळाच्या दारातच उभी होते."