उत्तरेकडची उशी

वसुमती अक्कांना कोणी भित्री म्हटलं असतं, तर आमचा बनशंकरीतला अख्खा वृद्धनिवास हसला असता. बाईंनी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून उभा जन्म काढला. निम्म्या बेंगळुरूची गुपितं कानात साठवून त्या निवृत्त झालेल्या. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्याला त्याच्याच सोयरिकीचं असं काही ऐकवत, की तो पुन्हा त्यांच्या टेबलाशी जेवायला बसत नसे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत मध्येच कानडी शिरून 'स्वल्प थांबा' यायचं.

तर अशा बाईला दोन गोष्टींची भीती होती. मला ठाऊक, कारण माझी खोली शेजारची आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

पहिली, वरच्या मजल्याची. आमच्याकडे पडला की माणूस वर जातो. वर पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे, आणि संडासलासुद्धा सोबत. नरसिंहराव पडले, वर गेले, ते पत्ते खेळायला पुन्हा काही खाली आले नाहीत. दुसरी भीती उत्तरेची. उत्तरेला डोकं मेलेल्याचं करतात, हे आईने लहानपणीच मनात ठोकून बसवलेलं. आणि खोलीत पलंगाचं उसं नेमकं उत्तरेला. धरून उठायचा दांडा, घंटेची दोरी, सगळं त्याच बाजूला. पलंग फिरवावा, तर बाथरूमचं दार उघडत नाही.

मग अक्कांनी उशी पायथ्याला घेतली. सकाळी आमची व्यवस्थापक शमिका फेरीला यायच्या आत उशी परत जागेवर. मी एकदा विचारलं, की अक्का, यमाला चकवताय की शमिकाला? तर म्हणाल्या, शमिका जास्त कडक आहे.

पण उशी फिरली, दांडा कुठे फिरला? उठताना त्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावर भार द्यायच्या. त्या टेबलाला चाकं. रोज ते भिंतीला टेकलेलं असायचं म्हणून निभावलं. परवा ताट न्यायला आलेल्या यल्लाप्पाने ते वाटेतून जरा बाजूला ओढलं. दुपारी अक्का झोपेतून उठल्या, हात टेकला, आणि टेबल निघून गेलं.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. तुम्हाला म्हणून सांगतो.

गाल लादीला टेकलेला. डावा पाय आपला नसल्यासारखा. घंटेची दोरी दिसत होती, पार पलीकडच्या टोकाला. भिंतीपलीकडे माझा खोकला ऐकू येत होता. एक हाक मारली की झालं, पण हाक म्हणजे वरचा मजला. म्हणून बाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि कोपरांवर सरकायला बघितलं. पाय हलेना. घाम सुटला, मग थंडी वाजायला लागली. आपण कुठल्या बाजूला पडलोय हे कळावं म्हणून खिडकीकडे मान वळवली, आणि तेव्हा उमगलं, की आपण पडलोय ते उत्तरेला डोकं करून.

"अण्णा," अशी हाक आली. एवढी बारीक, की मला आधी वाटलं कोणाचं नातवंड आलंय.

मी गेलो. त्यांना उचलायची माझी ताकद नाही आणि उचलूही नये. घंटा वाजवली आणि लोक येईपर्यंत हात धरून बसलो. 

हाड वाचलं. पण शमिकाने पायथ्याची उशी पाहिली आणि एका वाक्यात निकाल दिला: दांड्याकडे डोकं करून झोपा, नाहीतर वर चला. अक्का कधी कोणापुढे हरल्या नव्हत्या. त्या 'सरी', म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

आता त्या उत्तरेला डोकं करून झोपतात. म्हणजे पडून राहतात. मला बजावून ठेवलंय, की उजाडलं की भिंतीवर टकटक करायची. त्या उलट टकटक करतील. नाही केली, तर शमिकाच्या आधी मी आत यायचं.

आज मी टकटक केली. उत्तर नाही. पुन्हा केली. पलीकडे शांत. चप्पल शोधायचंही भान राहिलं नाही, काठी घेऊन निघालो, दार ढकललं. अक्का पलंगावर बसून दांडा घट्ट धरून माझ्याकडे बघत होत्या. डोळे रात्रभर जागलेले.

"भ्यालात ना, अण्णा?" त्या म्हणाल्या. "म्हटलं, मी एकटीनेच किती भ्यायचं?"