महाप्यात थांबून राहिलेलं गिऱ्हाईक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. जन्म खाडीकाठचा, अंधारात एकटा पाग, फेकायचं जाळं, घेऊन चिखलात हिंडलोय... कधी काही दिसलं नाही. हे घडलं ते भर दिवसा, एसी ऑफिसात, ट्यूबलाइटखाली. म्हणूनच डोक्यातून जात नाही. शिक्षण चौथी, चुका सांभाळून घ्या.

उलव्याला टॉवर झाले तशी माझी बायको यमुना आणि गावातल्या पंचवीसेक जणी तिथं घरपोच मच्छी देऊ लागल्या. मग यमुनेनं ठरवलं, ॲप काढायचं. ॲप होत आलं आणि ती गेली. हार्ट. बायका माझ्याकडे आल्या. तिची मैत्रीण गंगू म्हणाली, “भावोजी, आमी मच्छी बघू का ता बघू? तुमी नुसते भिंतीकडं बघत बसता. तुमीच जा.”

गर्दी झाली तर ॲप बंद पडतं का, हे तपासायचं काम महाप्याच्या एका कंपनीला दिलेलं. त्यांचं मशीन हजार खोटी गिऱ्हाईकं बनवतं आणि सगळी एकदम ॲपवर सोडतं. मला ओ की ठो कळत नव्हतं. तिथली सायली मॅडम, सोलापूरकडची, चाळिशीची, कंप्युटरवर रंगीत रेघा दाखवायला लागली.

मी म्हटलं, “रेघा ठेवा. गटारीच्या सकाळी चालेल का नाय, एवढं सांगा.”

“चालतंय की काका. चार सेकंदात ऑर्डर!”

“चार सेकंदात मच्छी कोन घेतो? तुमची गिऱ्हाईकं काय चोर हायेत? मानूस बघतो, सुरमईवरनं बांगड्यावर येतो, परत सुरमईवर जातो...”

ती हसली, पण लिहून घेतलं. खोट्या गिऱ्हाइकांना थांबत थांबत घ्यायला शिकवलं.

तिथून सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन — नऊशे नव्व्याण्णव ऑर्डरी झाल्या, एक गिऱ्हाईक शेवटच्या बटणापाशी थांबलंय. ते हलल्याशिवाय टेस्ट संपत नाही, रिपोर्ट निघत नाही, ॲप सुरू होत नाही. मी गेलो. खुर्चीत टेकलो तोच ती म्हणाली, “आत्ताच झालं बघा, तुम्ही यायच्या जरा आधी.”

एक जरी अडकलं तरी रिपोर्ट पास होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत टेस्ट लावली, तर तेच. तिनं मशीन बदललं, सगळं पुसून नव्यानं केलं. तरी हजारातलं एक थांबायचंच. चौथ्या वेळी ती माझ्याकडे विचित्र बघत बोलली, “काका, मी खालच्या गेटची वही आणली. तुम्ही वहीत सही करता ना, त्याच मिनिटाला ते पुढं जातंय. चारही दिवस.”

पंचेचाळीस वर्षं यमुना माझ्याआधी जेवली नाही. उरणला गोडाऊनमध्ये ड्युटी होती, यायला तीन वाजायचे, चार वाजायचे. ही ताट झाकून बसलेली. फाटकाची कडी वाजली की उठायची. मी शिव्या घालायचो, जेवून घे म्हणून. ऐकायची नाही.

मॅडम म्हणाली, “ते गिऱ्हाईक काढून टाकू या? तुमची सही लागंल.”

मी सही केली नाही. खरं सांगतो — मी रोज जायला लागलो. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. बायकांना सांगायचो, टेस्टिंग चालू हाय. गटारी पाच दिवसांवर आली तेव्हा गंगू दारात उभी राहिली.

“भावोजी, खोटं बोलू नका. ह्या सीझनवर आमच्या बायांचा सगळा हाय. काय चाललंय तुमचा?”

मी सगळं सांगितलं. वाटलं हसेल. ती उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, “ती थांबली असंल तर... रोज तिला उपाशी बसवता काय तुमी? कवापातुर?”

दुसऱ्या दिवशी मी महाप्याला गेलो नाही. अकराला घरूनच फोन लावला. मॅडम म्हणाली, “थांबलंय, काका. काढू?”

“काढू नका. फोन मशीनजवळ धरा.”

तिनं का म्हणून विचारलं नाही. मी बोललो, “यमुने, मी येत नाय आता. तू जेव.”

मला फक्त पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग मॅडमचा आवाज, बारीक, “झालं, काका. हजारच्या हजार.”

त्यानंतर तिनं दोन वेळा टेस्ट लावली, मी नसताना. कुणीच थांबलं नाही. मी रिपोर्टवर सही केली. गटारीला ॲप धडाक्यात चाललं, बायकांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

सायली मॅडमनं मशीनमधलं सगळं लिखाण पुन्हा तपासलं, तिच्या साहेबांनाही दाखवलं. कुणाला कारण सापडलं नाही. ती यमुनाच होती असं मी म्हणत नाही. मशीन बिघडलं असेल. पण मग गेटवरची माझी सही त्याला कशी कळत होती? कुणाला माहीत असेल तर सांगा.

हल्ली मी कुठेही जातो, कितीही उशिरा येतो. कुणाचं काही अडत नाही.