दार धरणारा लटपट

काकूंना सगळी गल्ली लटपटकाकू म्हणते आणि त्यांना त्याचा राग येत नाही. उलट कुणी नुसतंच काकू म्हटलं तर त्यांना चुकल्यासारखं होतं. टीव्हीवर वर्षानुवर्षं चाललेल्या एका कार्टूनमधल्या भित्र्या पोराचा आवाज म्हणजे आमच्या काकू. तीन मुलं आणि एक बदक मिळून भुतांचा छडा लावायची, आणि दरवेळी भुताच्या चादरीखालून कुणीतरी लबाड माणूस निघायचा. कप्तान सगळ्यांच्या पुढे, त्याच्यामागे भिंग घेतलेली चिमटी, आणि शेवटी लटपट. अंधारं दार दिसलं की हा म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे, मी दार धरतो." घराघरांत पोरं खो खो हसायची.

हे काम काकूंकडे अगदी अचानक आलं. त्या तेव्हा स्टुडिओत संवाद टाइप करायच्या. लटपटचं काम करणाऱ्या मुलाचा आवाज एका दुपारी मध्येच फुटला. वाक्य सुरू केलं पोरानं आणि संपवलं बाप्यानं. सगळे डोक्याला हात लावून बसले. कागद द्यायला आत आलेल्या काकूंनी ते वाक्य सहज म्हणून दाखवलं आणि त्यांचं टायपिंग कायमचं सुटलं. अभिनय असा करावाच लागला नाही, कारण बाई मुळातच भित्री. पाल दिसली की पाचावर धारण बसते आणि लिफ्टमध्ये तर त्या एकट्या पाऊल टाकत नाहीत. "घाबरण्याचा पगार घेणारी ही एकटीच," असं काका म्हणतात. काका म्हणजे काकूंचा नवरा. घड्याळं दुरुस्त करतात आणि त्यांच्या टिकटिकीपेक्षाही कमी बोलतात.

बोलण्याचं खातं काकूंकडे, आणि ते जरा सैलच आहे. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. एकदा भाच्याला घेऊन केस कापायच्या दुकानात गेल्या, तर रांगेत बसल्या बसल्या पुढच्या भागातलं भूत कोण ते सांगून मोकळ्या झाल्या. दोन दिवसांत शाळाभर झालं. निर्माता किती ओरडला ते इथे सांगत नाही.

पुढे कार्टून बंद पडलं. आणि मग या वर्षी, ते बघत वाढलेल्या एका मुलीनं त्याच पोरांवर कादंबरी लिहिली, किशोरवयीन मुलांसाठी. तिघं आता दहावीच्या वयाची, बदक म्हातारं, आणि गुन्हे मात्र खरेखुरे. पुस्तकाबरोबर ते ऐकायलाही मिळणार होतं, म्हणून जुने आवाज पुन्हा गोळा केले. काकू हरखून गेल्या. लेखिकेची एकच अट होती: पूर्ण पुस्तक कुणालाच मिळणार नाही, त्या दिवसाची पानं त्या दिवशी. "पुढे काय होणार ते लटपटला माहीत असतं का? मग तुम्हाला कशाला?" असं तिचं म्हणणं.

पहिल्याच दिवशी काकूंनी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, चपला बाहेर ठेवल्या, दोन बिस्किटं खाल्ली, कारण पोट गुरगुरलं तर माईकला ऐकू जातं. आणि पान हातात घेतलं. बंद कारखान्याचं तळघर, आत पाणी चढतंय, वरून लोखंडी दार खाली सरकतंय. लटपट त्याच्याखाली खांदा लावतो. "तुम्ही व्हा पुढे, मी दार धरतो." वाक्य तेच, पण या वेळी कुणी हसलं नाही. कप्तान आणि चिमटी बाहेर पडतात आणि दार कोसळतं. तिथेच पान संपलं.

"काकू, तुमचं काम झालं," लेखिका म्हणाली.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, "मेला?"

"दार पडलं."

"पण मेला असं लिहिलंय का?"

"काम झालं म्हणाली ती. अजून काय लिहायचं राहिलं?"

काकांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं आणि त्या संध्याकाळी पुन्हा उचललं नाही. काकू मात्र सरळ रडल्या. जन्मभर घाबरत आलेलं पोर, आणि गेलं ते असं, एकटं, अंधारात. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना त्यांनी सवयीनं लटपटचा आवाज काढून पाहिला. तो निघेना. घशातून नुसतीच एक म्हातारी बाई बोलली. तेव्हा त्या खऱ्या घाबरल्या. पोर तर गेलंच, आपला आवाजही बरोबर घेऊन गेलं असं त्यांना वाटलं.

कप्तानाचा आवाज करणारे आजोबा त्या दिवसाची पानं वाचून झाली की रोज फोन करायचे. "आजही शोधलं, काकू. एक बूट सापडला."

मग एक दिवस लेखिकेचा फोन आला, की एक छोटंसं काम राहिलंय. दार कोसळतानाची किंचाळी पुन्हा घ्यायची असणार, दुसरं काय. काकू जड पायांनी स्टुडिओत पोचल्या. लेखिकेनं त्यांना बाजूच्या लहान खोलीत नेलं, कानांवर हेडफोन चढवले आणि एक कागद दिला. पलीकडच्या खोलीत शेवटचं प्रकरण चाललं होतं. काकूंच्या कागदावर एकच ओळ होती. ती काकूंनी दोनदा वाचली.

"जिवंत आहे?"

"हळू. तिकडे कुणाला माहीत नाही. त्यांना खरोखरच धक्का बसायला हवाय मला."

काकूंचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ रागही आला. "मला तरी सांगायचंस गं. किती रडले मी."

"काकू," लेखिका म्हणाली, "त्या दिवशी केस कापायच्या दुकानात मीही होते. तुमच्या शेजारीच."

लाल दिवा लागला. हेडफोनमध्ये कप्तान सांगत होता, "मी त्याला कायम भित्रा म्हणालो. एकदाही माफी मागितली नाही." लेखिकेनं बोट हलवलं. काकूंनी तोंड उघडलं, आवाज येईल की नाही हे ठाऊक नसतानाच, आणि तो आला, जसा होता तसा, थरथरता.

"दार सोडू का आता?"

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. "अरे गाढवा, होतास कुठे?" आजोबा ओरडले. हे कागदावर नव्हतं. मग ते रडायला लागले, आणि लेखिकेनं ते सगळं तसंच ठेवलं.

पुस्तक येईपर्यंत कुणाला सांगणार नाही, असं वचन देऊन काकू निघाल्या. वाटेत ओळखीची बाई भेटली तर तिच्याशी हवेबद्दलसुद्धा बोलल्या नाहीत, न जाणो कुठून सुटेल. जिन्यात पावलं वाजली तसं काकांनी दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले.

"किंचाळीच होती ना?" त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं.

काकूंनी तोंड उघडलं, मिटलं. वचन ते वचन. पण या माणसाचा उतरलेला चेहरा इतके दिवस त्यांनी पाहिला होता. त्या उंबऱ्यातच थांबल्या आणि लटपटच्या आवाजात म्हणाल्या, "सोडा की आता दार."

काका बघतच राहिले. मग त्यांचा हात दारावरून सुटला, ते भिंतीला टेकले आणि हसत हसत डोळे पुसायला लागले.

"मी काही सांगितलेलं नाही हं," काकू म्हणाल्या.