अभिप्रायांची सुवाच्य प्रत

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला आजवर कधी वाटले नाही. नोकरीची सारी वर्षे मी इतरांचे निबंध तपासण्यात घालवली. स्वतःचे एक पानही कुणाला वाचायला दिले नाही. पासष्टी ओलांडल्यावर हे धाडस करावे, आणि तेही रॅपसारख्या माझ्या आवाक्याबाहेरच्या विषयावरून, याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. घडले ते ज्याला सांगावे असे माणूस माझ्याजवळ नाही, एवढेच माझे कारण.

माझा भाचा सांगलीत राहतो आणि रॅप करतो. महाविद्यालयात असताना त्याने दोन मित्रांबरोबर एक गट उभा केला. त्यांतला एक कवठे महांकाळजवळच्या खेड्यातला, हलगी वाजवणारा. दुसरा कोरेगावचा, त्याच्या घरची पिढीजात बँड पार्टी, त्यामुळे क्लॅरिनेट त्याला लहानपणापासून येत असे. भाच्याचे भराभर बोललेले शब्द, खाली हलगीचा ठेका आणि मधूनच वरातीतले क्लॅरिनेट, असे ते मिश्रण जत्रांमधून गाजले. मग हलगीवाला सैन्यात भरती झाला. काही वर्षे तो सुट्टीवर येई तेव्हा गाणी होत. पुढे सुट्ट्या जुळेनाशा झाल्या, कोरेगावचा मुलगा घरच्या बँडमध्ये अडकला आणि गटाचे नाव तसेच ठेवून भाचा यंत्रावरच्या ठेक्यावर एकटाच गाऊ लागला.

यंदा त्याने पहिल्यापासूनची बावीस गाणी क्रमाने लावून एक संग्रह काढला. त्याच सुमारास हलगीवाला निवृत्त होऊन गावी परतला. त्याला परत बोलवावे, की या संग्रहाबरोबर गट संपवून यापुढे स्वतःच्या नावाने गावे, हे भाच्याला ठरवता येत नव्हते. तो दमलेला दिसत होता. ऐकणारे सांगतील तसे करायचे, असे त्याने मनाशी ठरवले.

"फोनवर लोक गाण्याखाली शाबासकी म्हणून नुसती आगीची चित्रं टाकतात, आत्या," तो म्हणाला. "त्यातून मला काय कळणार? ज्यांनी आम्हाला पहिल्यांदा ऐकलं त्यांना विचार. तुझ्यापुढे कुणी खोटं बोलणार नाही."

मी नाही म्हणू शकले नाही. एक दोनशे पानी वही आणि मुठीएवढा स्पीकर पिशवीत घालून मी निघाले.

सुरुवात मलकापूरला, माझ्याच घरी केली. भाच्याचे पहिले कार्यक्रम पाहिलेल्या शेजारणींना चहाला बोलावले आणि वही पुढे ठेवली. आपल्याकडे अभिप्रायाची वही पुढे आली की हात आपोआप चालतो. पहिले गाणे संपायच्या आत तिघींनी "अत्यंत स्तुत्य उपक्रम, पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा" असे लिहून खाली लफ्फेदार सह्या केल्या होत्या. मीही आयुष्यभर हेच लिहीत आले. त्या दिवसापासून मी वही कुणाच्या हाती दिली नाही. लोकांनी बोलायचे आणि मी जसेच्या तसे उतरवून घ्यायचे, असे ठरवले. तेव्हा त्यांतलीच एक हळूच म्हणाली, की शब्द फार पळतात, आपण मागे राहतो. पण हलगी असते तिथे ती हात धरून नेते.

कोरेगावला बँडच्या दुकानात क्लॅरिनेटवाल्याचे वडील पितळी वाद्ये पुसत ऐकत होते. गाणी जसजशी पुढची आली तसतसा मुलाचा सूर दबत गेला, हे त्यांनी माझ्या आधी ओळखले. "लय मागं ठिवलंय ओ त्याला," ते म्हणाले, "पाव्हण्यांत रुसून माजघरात बसल्यावानी." मुलगा हसला. त्याची काही तक्रार नव्हती. हंगामाच्या तारखा भरल्या होत्या. हाक आली तर येईन, नाही आली तरी बरे, एवढेच त्याने सांगितले. मी सारे लिहून घेतले.

कवठे महांकाळला पोचेपर्यंत माझे गुडघे आणि कान दोन्ही थकले होते. बावीस गाणी तिसऱ्यांदा ऐकायची होती. हलगीवाल्याची आई अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवले नाही. उलट पहिल्या गाण्याबरोबर ते तिच्या हातात ठेक्यावर हलू लागले. मुलगा जरा दूर, भिंतीला टेकून, ताठ बसला होता. गाणी पुढे सरकली. मधल्या कुठल्याशा गाण्यापाशी सूप पुन्हा आपल्या नेहमीच्या चालीने चालू लागले आणि शेवटपर्यंत तसेच राहिले.

कसे वाटले, असे मी विचारले. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"पयली गाणी तिघांची हायत, बाई. मागची एकट्याची हायत."

"म्हणजे कशी?"

"म्हंजी त्येला थांब म्हननारं कुनी न्हाई त्यात. नुस्तं बोलतच सुटलाय. माज्या पोराची हलगी म्हनून न्हाई सांगत. पर तुमचा भाचा दमलाय, आन् त्येला कुनी सांगंना झालंय."

मी लिहीत असताना मुलगा जवळ आला. वहीवर नजर टाकून त्याने विचारले, "आवं आत्या, ह्ये त्यो वाचंल न्हवं?"

वाचेल, असे मी म्हटले.

"मंग बास. मी आपनहून फोन करनार न्हाई. कारखान्यावर गेटची ड्यूटी मिळतीया. त्येनं बोलिवलं तर ती न्हाई घ्यायचो."

परतीच्या एस.टी.त मला बसायला जागा मिळाली, आणि तीच माझी चूक ठरली असावी. कारण उभी असते तर वही उघडली नसती. पाने चाळताना मला भाच्याचा चेहरा दिसू लागला. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि मित्राच्या आईचे हे शब्द. घरी आल्यावर मी वहीची सुवाच्य प्रत करायला बसले. खाडाखोड असलेले कागद कुणाच्या हाती द्यायचे नाहीत, ही शाळेतली सवय. पण सवय तिथेच थांबली नाही. शेजारणीची कुरकूर मी "शब्दांचा वेग विलक्षण आहे" अशी लिहिली. रुसलेल्या पाहुण्याचे वाक्य अप्रस्तुत म्हणून गाळले. आणि त्या माउलीच्या अभिप्रायाच्या जागी माझ्या वळणदार अक्षरात असे उमटले: "पूर्वार्धातील गाणी सामूहिक असून उत्तरार्धात मुख्य गायकाने स्वतंत्र वाट शोधली आहे." पुढचे सारे मी सोडून दिले. ते लिहिताना मला लबाडी वाटली नाही. निबंध सुधारल्यासारखे वाटले.

भाच्याने प्रत दोनदा वाचली. मी समोर बसले होते. त्याने पान माझ्याकडे वळवून त्या ओळीवर बोट ठेवले.

"त्याच्या आईलाही हे मान्य आहे, आत्या. मला वाटायचं, त्या घरात माझ्यावर राग असेल."

त्याच वेळी बोलायला हवे होते. मी चहा ठेवायला उठले.

आठवडाभराने त्याने फोनवर जाहीर केले, की संग्रहाबरोबर गटाचा प्रवास पूर्ण झाला आणि पुढचे गाणे त्याच्या एकट्याचे असेल. खाली पुन्हा आगीची चित्रे आली. कुणीतरी विचारले होते, हलगी कुठे गेली. त्याला उत्तर मिळाले नव्हते.

काल दुपारी हलगीवाल्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त जड गेले. येत्या सोमवारपासून कारखान्याच्या गेटवर रुजू होतो आहे, असे त्याने सांगितले. मग विचारले, "आईनं सांगितलं त्ये त्येनं वाचलं का, आत्या?" मी म्हणाले, "मी दिलं त्याला." हे वाक्य खरे नाही, आणि पूर्ण खोटेही नाही, मला आता अशीच वाक्ये सुचतात. तो "बरं" म्हणाला. वाचूनही मित्राने बोलावले नाही, असे तो आता समजत असणार.

मूळ वही माझ्याजवळ आहे. ती भाच्याला दिली, तर मी जे केले ते त्याला कळेल, आणि यापुढे माझ्या कोणत्याही शब्दावर त्याचा विश्वास राहणार नाही. शिवाय वाचूनही तो मित्राला बोलावीलच, याची मला खात्री नाही. दिली नाही, तर सोमवारी एकजण गेटवर उभा राहील आणि दुसरा एकटाच गात राहील, आणि दोघांनाही वाटेल की हे दुसऱ्याने ठरवले. मी फार थकले आहे आणि मला या वयात कुणाचा राग सोसवत नाही. पण तो काही मुद्दा नव्हे, हे मलाही कळते.

तुम्ही माझ्या जागी असता, तर सोमवारच्या आत ती वही त्याला नेऊन दिली असती का?